अकरा की अठ्ठावन्न

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांची हयात गेली होती. तराजूचा काटा केसभर हलला तरी ते दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता थेट पारड्याखाली हात घालायचे, म्हणून बाजाराने त्यांना हे नाव दिलं. एकदा खरोखरच पारड्याच्या बुडाला मेण चिकटवलेलं सापडलं. तेव्हापासून जे काही झटपट बरोबर येतं, त्याच्या बुडाला काहीतरी चिकटवलेलं असणारच, अशी त्यांची पक्की समजूत झाली. दूध उतू गेलं नाही, तर ते का गेलं नाही हे विचारणारा माणूस.

अशा माणसाने पन्नाशीत घरी कॉम्प्युटर आणला. टीव्हीला जोडून चालवायचा, त्या काळातला. महिन्याभरात त्यांच्या साडूंनीही आणला, पण दुसऱ्या कंपनीचा. साडू दातांच्या कवळ्या बनवायचे. कायम हसतमुख, आणि काटेसाहेबांना खटकायचं ते नेमकं तेच.

दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, मिळून एक वाचनालय चालवायच्या. पुस्तकं दोन हजार. पुस्तकाचं नाव दिलं की त्याच्या क्रमांकावरून कपाट सांगणारा प्रोग्रॅम दोघा साडूंनी आपापल्या मशीनवर लिहायला घेतला. काटेसाहेबांच्या प्रोग्रॅमने मशीनच्या चौसष्ट किलोबाइटपैकी अठ्ठावन्न खाल्ले, आणि उत्तर द्यायला चाळीस सेकंद घेतले. रविवारी दुपारी ते साडूंकडे गेले, तर साडूंचा प्रोग्रॅम अवघ्या अकरात बसलेला. उत्तर सहा सेकंदांत.

"मूर्ती लहान, पण कीर्ती महान," साडू म्हणाले. "जागा कमी घेतो तोच खरा हुशार प्रोग्रॅम, साडूभाऊ."

"लहान आहे म्हणून हुशार कसा? काहीतरी गाळलं असेल."

"सगळी पुस्तकं आहेत. मोजा हवी तर."

काटेसाहेबांनी खरंच मोजली. दोन हजार भरली. शंकेची पाल मात्र चुकचुकतच राहिली. निघताना त्यांनी साडूंच्या प्रोग्रॅमची छापील प्रत आणि त्या मशीनचं माहितीपुस्तक मागून घेतलं. साडूंनी दोन्ही हसत दिलं, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली की कुठेतरी पाणी मुरतंय.

आठवडाभर ते लाल पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. शेवटी सापडलं. याद्या लावायचं, शोधायचं सगळं जड काम त्या मशीनच्या कायमच्या स्मृतीत कंपनीनेच भरून ठेवलं होतं. साडूंचा प्रोग्रॅम नुसता हुकूम सोडत होता. भरून ठेवलेलं काम सोळा किलोबाइटचं. हे काय, पारड्याखालचं मेणच की.

ते तडक साडूंच्या कारखान्यात गेले. साडू एका कवळीला कानस लावत होते.

"तुमचं वजन अकरा नाही, सत्तावीस आहे," काटेसाहेब म्हणाले.

"हो, मशीनमध्ये आहेच ते. तेच बघून तर घेतलं मी. तुम्ही कधी विचारलंत?"

इतक्या सहज कबुली देणारा माणूस काटेसाहेबांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, सत्तावीस. तरी तुमच्या निम्म्याहून कमीच ना? तुमचं एवढं कशाने भरलंय?"

त्यांनी आपली प्रत पुढे ठेवली. ती पानांवर बोट ठेवत गेली. हे काय? पुस्तकाचं नाव बरोबर लिहिलंय का, त्याची तपासणी. आणि हे? क्रमांकाची तपासणी. आणि हे? त्या तपासणीची तपासणी.

"अहो, मशीनवरसुद्धा विश्वास नाही?"

काटेसाहेबांनी त्या ओळी पुन्हा मोजल्या. अठ्ठावन्नातले तीसेक त्यांच्या शंकांनीच अडवले होते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मग वाचनालयात दोन्ही मशीन शेजारी शेजारी मांडून चाचणी झाली. मेव्हणी पुस्तकाचं नाव सांगायची, दोघे साडू टाइप करायचे. दहा पुस्तकं साडूंनी आधी काढली. अकरावं होतं मधमाश्या पाळण्याचं. साडूंच्या मशीनने सहा सेकंदांत कपाट सांगितलं. मेव्हणीने तिथून त्या क्रमांकाचं पुस्तक आणलं, तर ते निघालं विणकामाचं. चाळीस सेकंदांनी काटेसाहेबांच्या पडद्यावर ओळ उमटली, की या क्रमांकाची दोन पुस्तकं आहेत. नोंद करताना कोणीतरी एकच क्रमांक दोनदा दिला होता. साडूंच्या प्रोग्रॅमने पहिलं सापडलं तेच खरं मानलं होतं.

बहिणी आतल्या खोलीत जाऊन बोलल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, काटेसाहेबांचा प्रोग्रॅम ठेवू.

दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. काटेसाहेबांना वाटलं, बायकोने आपल्याला सांभाळून घेतलं. दोन दिवस कळ काढून ते मेव्हणीकडे गेले.

"भावोजी, ताई तर यांच्याच मशीनच्या बाजूने होती," ती म्हणाली. "हट्ट मी धरला. हे घरी चष्मा शोधतात, तोही पहिला सापडेल तो लावतात."

त्यांनी घरी येऊन बायकोला विचारलं. ती शेंगा सोलत होती. "सहा सेकंदांत होणाऱ्या कामाला चाळीस कशाला?" ती म्हणाली. "दोन क्रमांक सारखे आहेत, हे एकदा कळलं की झालं. रोज कशाला विचारायचं?"

काटेसाहेबांना विलक्षण हलकं वाटलं. दया नव्हती तर. त्याच आठवड्यात त्यांनी तपासणीवरच्या तपासण्या काढून टाकल्या. प्रोग्रॅम एकतीसवर आला, वेळ पंधरा सेकंदांवर.

पुढच्या रविवारी साडू स्वतःच आले. "ती सारख्या क्रमांकांची तपासणी मला द्याल का? माझ्यात घालतो."

याला ती कशाला हवी असेल, हाच विचार काटेसाहेबांच्या मनात आधी आला. मग ते उठले, कपाटातून कागद काढले, पानं मोजली, प्रत्येकावर सही आणि तारीख घातली आणि साडूंच्या हातात दिले.

"पोचल्याची सही करा," ते म्हणाले.

साडूंनी हसत सही केली. काटेसाहेबांनी ती साडूंच्या माहितीपुस्तकावरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.