काकाच्या तोंडावर बाबांचं नाक

आमच्या लालबागच्या खोलीत कॉम्प्युटर आला तेव्हा तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून आईचं शिवणयंत्र कॉटखाली गेलं. त्याबद्दल तिनं मला पुढे कधी माफ केलं नाही. "त्या मशीनवर निदान परकर तरी शिवून व्हायचे, ह्याच्यावर काय होतं?" असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. ह्याच्यावर फोटो सुधारता येतात, असं मी सांगायचो. तोवर मी एकच फोटो सुधारला होता, तो माझा.

ऑफिसातल्या एकानं मला फोटोंची करामत करायच्या सॉफ्टवेअरची सीडी दिली होती. त्यात मला सावलीच्या तसबिरी करायचा नाद लागला. माणसाचा बाजूनं फोटो घ्यायचा, कपाळ, नाक, ओठ, हनुवटी अशी कड माउसनं कोरत खाली यायचं आणि आत रंगाची बादली ओतायची. डोळे नाहीत, सुरकुत्या नाहीत, नुसती कड. ज्याला चित्र काढता येत नाही त्याला चित्रकार झाल्यासारखं वाटायला याहून सोपा मार्ग नाही. पहिल्यांदा मी स्वतःची कड कोरायला घेतली. हनुवटी संपवून खाली येतो तर तिथे आणखी एक हनुवटी. सॉफ्टवेअर बिघडलंय असं समजून मी ती खोडून टाकली. छापलेला कागद बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "अहो, हे कोण? छान दिसतात."

तर असा मी कलावंत. आणि अशा माणसानं त्या वर्षी घरातलं सर्वांत जुनं भांडण मिटवायचं मनावर घेतलं.

भांडण बाबांचं आणि काकाचं. दोघं सख्खे भाऊ, एकाच गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, राहायला एकाच मजल्यावर शेजारी शेजारी. संप झाला तेव्हा दोघं एकत्रच बाहेर आले. दुसऱ्या वर्षी काकी आजारी पडली, घरात औषधाची पंचाईत झाली आणि एका सकाळी काका मान खाली घालून गिरणीच्या गेटातून आत गेला. बाबा गेले नाहीत. त्या दिवसापासून दोघांत बोलणं बंद. पुढे गिरणीनं न्याय असा केला की बाबांना परत घेतलंच नाही आणि काकाला घेऊन काही वर्षांनी टाळं ठोकलं. म्हणजे एक जण बाहेर राहून बेकार झाला आणि दुसरा आत जाऊन. दोघं एकाच गॅलरीत, एकाच वेळी दात घासत बेकार. पण बोलणं नाही.

अगदीच बोलायची वेळ आली तर बोलणं तिसऱ्याच्या मार्फत व्हायचं. नळावर काका शेजारीच उभा असला तरी बाबा माझ्याकडे तोंड करून मालवणीत म्हणायचे, "तेका सांग, बादली भरली." काकाही माझ्याकडेच बघून उत्तर द्यायचा, "तेका सांग, माका दिसता." मी दोघांच्या मधे उभा. सांगायचं काहीच शिल्लक नसायचं, पण मी नसलो तर बादली वाहून जायची.

आईला या सगळ्यात एकच गोष्ट खुपायची, गणपती. संपाआधी दोन्ही घरांत मिळून एक गणपती यायचा. मग दोन यायला लागले. सगळी मुंबई ज्या लालबागला गणपती बघायला लोटते, तिथे आमचे दोन गणपती एका विटेच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी पाठ लावून बसलेले. आमच्याकडे आरती सुरू झाली की पलीकडे झांजा वाढायच्या. पलीकडून मंत्रपुष्पांजली लवकर आटोपली की बाबा आमची आणखी एक आरती लांबवायचे. देवाला दोन्ही कानांनी ऐकू यायचं हे खरं, पण धड काय ऐकू यायचं, देव जाणे.

त्या वर्षी चाळ रिकामी करायची ठरली होती. विसर्जन झालं की सामान बांधायचं, सगळ्यांनी मिळेल तिथे भाड्यानं जायचं आणि टॉवर उभा राहिला की परत यायचं. आम्हाला माहीमला जागा मिळाली होती, काकाला पार ठाण्याच्या पलीकडे. आई म्हणाली, "इथला शेवटचा गणपती. तो तरी एक बसू दे. पुढे कोण असेल, कोण नसेल." काकीचंही तेच म्हणणं. त्या दोघींचा अबोला कधी नव्हताच. गॅलरीतून वाटी गेली की वाटी यायची, आणि वाटीबरोबर सगळ्या बातम्या.

बाबांना विचारलं. "माजी ना नाय. पण तेनी येऊन विचारूक व्हया."

काकाला विचारलं. तोही तेच म्हणाला, फक्त 'तेनी' म्हणजे बाबा.

मग मला कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की बायको गॅसची टाकी बंद आहे का ते बघून येते. मी ठरवलं, मखराच्या मागे सगळ्या कुटुंबाच्या सावल्यांचा देखावा करायचा. मधे गणपती. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला काका-काकी आणि अगदी पुढे, देवाच्या दोन बाजूंना, बाबा आणि काका एकमेकांसमोर. कागदावर का होईना, दोघं समोरासमोर आले की विरघळतील. हे मखर कुणाच्या खोलीत बसणार याचा मात्र मी विचार केला नव्हता. कलावंत तपशिलात शिरत नाहीत.

गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर पांढरी चादर लावली, मागून ऊन, पुढे स्टूल. कॅमेरा ऑफिसातून मागून आणलेला. आई नथ घालून आली. "आई, सावलीत नथ दिसणार नाही." "मग सावली कशाला काढतोस?" शेवटी नथ घालूनच बसली, आणि कोरल्यावर तिच्या नाकाला अळूचा कांदा लटकल्यासारखा दिसला. बाबा टोपी घालून आले आणि गिरणीच्या ओळखपत्राचा फोटो असावा तसे छाती फुगवून थेट कॅमेऱ्याकडे बघू लागले. त्यांना आडवं वळवायलाच बराच वेळ गेला. "बाजून काय काढतंस? चोराचे काढतत तसे!"

काकीनं हौसेनं काढून घेतला. काका मात्र दारातूनच म्हणाला, "माजो फोटो कित्याक? तुज्या बापाशीन सांगल्यान काय?"

खोटं बोलायची चांगली संधी होती. ती मी घालवली. "नाही, पण..." काकानं दार लोटून घेतलं.

आता मखरात एका बाजूला बाबा आणि समोर भोक. मी कॉम्प्युटरपुढे डोकं धरून बसलो आणि मग दुसरी कल्पना सुचली. भाऊ भाऊच तर आहेत! बाबांचीच सावली घेतली, आडवी उलटवली, टोपी उतरवली, डोळ्यांवर चष्म्याची काडी चढवली. काका तयार. बायको मागे उभी होती. म्हणाली, "अहो, कळेल हो."

"सावलीत काय कळतंय?"

"तुमची हनुवटी मला कळली होती."

आईनं वेगळीच हरकत घेतली. सगळं पडद्यावर काळंभोर बघून ती दचकलीच. "मेल्या, सणासुदीला देवासमोर घरातल्या सगळ्यांची तोंडं काळी करून ठेवलीस?" मग बादलीत शेंदरी रंग घेतला. सगळं कुटुंब मारुतीसारखं दिसू लागलं, तेव्हा त्यात थोडा तपकिरी मिसळला. चिंचपोकळीच्या पुलाखालच्या दुकानातून मोठे कागद छापून आणले, थर्माकोलवर चिकटवले आणि वाळायला गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवले.

आणि बाबा बाहेर आले.

ते हात मागे बांधून एकेक सावली बघत गेले. आईच्या नथीपाशी हसले. स्वतःपाशी थांबले. "हो मी. बरो काढलंस. सरळ माणूस कसो दिसता, बग." मग पुढे सरकून काकापाशी आले, म्हणजे पुन्हा स्वतःपाशीच. त्यांचा चेहरा बदलला.

"ह्याका बग," ते मला म्हणाले, पण आवाज बंद दारापलीकडे जाईल इतका मोठा. "संप मोडून कामार गेलो, तरी मान बग कशी ताठ! आणि नाक बग. मदीच वाकडा. सरळ माणसाचा नाक असा नसता."

मी थर्माकोलचे कण वेचू लागलो. बायकोनं पदर तोंडात कोंबला. बाबांना चेव आला होता. हनुवटीत आपमतलब, कपाळात अक्कल कमी, असं करत त्यांनी स्वतःच्या सावलीची वरपासून खालपर्यंत सालं काढली. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. मला वाटतं, स्वतःबद्दल इतकं खरं त्यांना कुणीच कधी सांगितलं नसेल.

दार उघडलं. काका बाहेर आला, मागे काकी. काकानं चष्मा पुसून घातला आणि स्वतःच्या नावच्या सावलीपुढे वाकून बघत राहिला. एकदा ही सावली, एकदा ती. मग बोट टेकवलं ते नाकाच्या दांडीवर, जिथे छोटासा उंचवटा आणि त्याखाली खळगा होता, बरोबर तिथे.

"ह्या नाक माजा न्हय," तो मला म्हणाला. "तेका सांग, ह्या तेचा. साच्यावरचो धोटो उडान लागल्लो, हाड मोडल्ला. मीच तेका धरून न्हेल्लंय, माजो सगळो सदरो रक्तान भरल्लो. ह्या नाक मी इसरान?"

बाबांचा हात हळूच स्वतःच्या नाकावर गेला. त्यांनी ते चाचपलं, मग टोपीवाल्या सरळ माणसाकडे पाहिलं. त्याचंही नाक मधेच वाकडं होतं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. इतक्यात काकीला हसू फुटलं. ती दाराला धरून हसत सुटली, म्हणाली, "भाऊजी, मगासपासून कोणाला हो बोलत होता?"

बाबा लाल झाले. मखरातल्या रंगाशी हुबेहूब जुळले. जरा वेळानं मला म्हणाले, "तेका सांग, स्वतःचा काय असात ता दी म्हणा. माजा नाक मी वापरूक देवचंय नाय."

चादर, स्टूल, कॅमेरा, मी अजून काहीच हलवलं नव्हतं. काका जाऊन चादरीपुढच्या स्टुलावर बसला.

मी कॅमेरा धरला. ऊन उतरत चाललं होतं. काका आडवा बसला खरा, पण मान खाली. गेटातून आत जाताना घातली होती, तशीच. मी म्हटलं, "काका, जरा वर." त्यानं किंचित उचलली, पुन्हा खाली गेली. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. मी काय करावं ते कळेना, तेवढ्यात बाबा माझ्या बाजूनं तरातरा पुढे गेले.

"मान वर कर रे! अशी खाली कित्याक घातलंस?"

तेका सांग नाही, काही नाही. थेट. आणि त्याच्या हनुवटीखाली हात घालून त्यांनी ती वर केली. काका त्यांच्याकडे बघतच राहिला. याच क्षणी, बाबांचा हात चौकटीत असताना, माझं बोट दाबलं गेलं. पुढचा फोटो घ्यायला गेलो तर कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली, आणि तिचा चार्जर ऑफिसात.

म्हणून तोच फोटो घेऊन बसलो. सॉफ्टवेअरमध्ये होती नव्हती ती सगळी हत्यारं वापरली. पण एकदा रंग ओतला की काकाची हनुवटी कुठे संपते आणि बाबांचा हात कुठे सुरू होतो ते मला काही सापडेना. अंदाजानं हात कापला तर हनुवटी जायची, हनुवटी ठेवली तर मनगट राहायचं. शेवटी आई म्हणाली, "राहू दे तसंच." तसंच राहिलं. दर्शनाला येणारे विचारायचे, "काकांनी दाढी ठेवलीय होय?" मी हो म्हणायचो.

गणपती एकच बसला. पण कुणाच्या खोलीत बसवायचा यावर बाबा आणि काका दोन दिवस भांडले. थेट, तोंडावर, कुणालाही मधे न घेता, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असे. शेवटी मखर आमच्याकडे, नैवेद्य त्यांच्याकडे असं ठरलं. मग आरती कुणी सांगायची यावर. मग मोदक कमी उकडलेत की जास्त, यावर. विसर्जनाच्या दिवशी पाट कुणी उचलायचा यावरून इतकी जुंपली की शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरला, आणि जिन्यावरून उतरताना "तू पुढे बग", "तू बग" चालूच होतं.

आई मागून आरतीचं तबक घेऊन उतरत होती. कानाला पदर लावून मला म्हणाली, "अबोला होता तेव्हा जरा शांतता तरी होती रे." पण हे सांगताना ती इतकी हसत होती की तबकातलं निरांजन विझलं, आणि ते पुन्हा लावायला आम्हाला जिन्यातच थांबावं लागलं.