प्रगतीचा रकाना

परळच्या सरकारी स्टार्टअप केंद्रात दर बुधवारी आम्हाला मार्गदर्शन करायला एक सर यायचे. आल्या आल्या समोरच्याचा लॅपटॉप हलकेच मिटायचे आणि म्हणायचे, "आता तोंडाने सांग." मग आपल्या प्रत्येक वाक्यावर त्यांचं एकच, "बरं, मग?" चौथ्या "बरं, मग?"ला भल्याभल्यांची हवा निघायची. शेवटी ते फॉर्मवर प्रगतीचा रकाना भरायचे. पुढच्या टप्प्यात कोण जाणार, ते त्यावर ठरायचं.

माझं ॲप पेशंटच्या नातेवाइकांना स्वस्त खोली शोधून द्यायचं. एकदा सरांनी मला थेट हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर नेलं. तिथे चटई टाकून बसलेल्या एका मावशींना मी ॲप दाखवलं.

"ते राहू दे रे बाबा," त्या म्हणाल्या. "माझा फोन बंद पडलाय. कुठे चार्ज होईल काय? वॉर्डातून कधी पण बोलावतात."

मला हसू आलं.

सरांनी तो फोन केंद्रात आणून स्वतःच्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि अर्ध्या तासाने स्वतःच नेऊन दिला. परत आल्यावर माझा फॉर्म ओढला आणि प्रगतीच्या रकान्यात सावकाश लिहिलं, "खरी गरज सापडली. संस्थापक हसले."