मी तिथं राहत नव्हतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मावशीला नाही, ज्यांच्या खांद्याला खांदा लावून घोषणा दिल्या त्या पोरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर मी पुन्हा काहीतरी जोरदार लिहून मोकळा झालो असतो. ते मला जमतं. दुसऱ्याच्या चुकीवर एका बैठकीत पानभर लिहून देतो. स्वतःच्या चुकीला मात्र इतकी वर्षं लागली.

मी मूळचा इस्लापूरचा, किनवट तालुक्यातला. नांदेडला शिकायला आलो, तिथं चळवळीत शिरलो आणि पत्रक लिहायला शिकलो. पहिलं वाक्य छोटं. दुसऱ्यात कुणाला धारेवर धरायचं ते. तिसऱ्यात ‘आम्ही’. या ‘आम्ही’वर माझं लई प्रेम. त्याच्या आडोशाला एकटा माणूस आरामात लपू शकतो, हे मला तेव्हाच कळलं होतं का? – कळलं असावं. मी काही भोळा नव्हतो.

पुढं लातूरला मावशीकडं राहायला आलो आणि एका वसाहतीच्या पाणी-लढ्यात पडलो. वसाहत म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर, उघड्या माळावर, एकसारख्या रो-हाउसांच्या रांगा. जाहिरातीत लिहिलेलं – शहरापासून दहा मिनिटांवर, सामान्य माणसाला परवडणारं हक्काचं घर. दहा मिनिटं! विमानानं असतील. आणि परवडणारं का, ते जाहिरातीत नव्हतं. बोअर कोरडे होते म्हणून परवडणारं. नळ बसवले होते, चकचकीत, पण त्यांना जोडलेला पाइप भिंतीत जाऊन संपत होता. टँकर येईल त्यावर भागवायचं. तरी लोक घेत होते. कोण घेणार? शहरात ज्यांना घरमालक दर दोन वर्षांनी सामान उचलायला लावतो, ते.

आमची मागणी साधी होती – वसाहत हद्दीत घ्या, पाण्याची लाइन द्या. निवेदन घेऊन महापालिकेत गेलो तर खुर्चीतले साहेब म्हणाले, “तिथं राहतंय कोण? कुलपं राहतात.” माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं कारण ते खरं होतं. निम्म्याहून जास्त घरांना कुलूपच होतं. घेणारे घेऊन ठेवायचे आणि पाणी येईपर्यंत शहरातच भाड्यानं राहायचे. माणसं राहत नाहीत म्हणून लाइन नाही, लाइन नाही म्हणून माणसं राहत नाहीत.

मग मी ठरवलं – आपणच राहायचं. आधी स्वतः, मग बाकीच्यांना आणायचं. कडेचं एक घर नाममात्र भाड्यावर मिळालं. सतरंजी टाकली, दोरी बांधली, दाराशी निळा ड्रम ठेवला. आणि पत्रक काढलं – ‘आम्ही इथं राहतो. इथं माणसं राहतात, कुलपं नव्हे.’ चांगलं पत्रक होतं. अजूनही चांगलंच म्हणेन.

राहिलो किती? आठवडाही नसेल. किनवटकडचा गडी मी, ओढ्यात डुंबून वाढलेला. सुरुवातीला टँकर कधीतरीच यायचा; तांब्याभर पाण्यात तोंड, आंघोळ, संडास असं जमेना. अंगाला वास यायला लागला, तसा गुपचूप मावशीकडं परतलो. मावशीच्या घरी नळ, टाकी, डोक्यावर पंखा. मावशी म्हणायची, “का रं क्रांतिकारका, लढा तिकडं आन् आंघोळ हिकडं? माझी टाकी रिकामी करून राहिलास की!” मी हसायचो. तीही हसायची. तिला वाटायचं, पोरगं अधूनमधून येतंय.

सकाळी टँकरच्या आधी मी मोटारसायकलवर वसाहतीत हजर व्हायचो. दोरीवरचे शर्ट बदलायचो. हो, बदलायचो – तेच शर्ट रोज वाळताना दिसले तर लोकांना कळतं. इतका विचार केला होता मी. हे वाचून तुम्हाला हसू येत असेल तर येऊ द्या.

आता सुरेखा वहिनींचं सांगतो.

बालाजीदादा आडत दुकानात मुनीम. ते, सुरेखा वहिनी, दोन लेकरं आणि दादांच्या आई – शहरात दोन खोल्यांत भाड्यानं. वहिनी घरी ब्लाउज शिवायच्या. गल्लीतल्या बाया हेच त्यांचं गिऱ्हाईक. एका रविवारी सगळं कुटुंब रिक्षातून माझ्या शेजारचं घर बघायला आलं. दादांच्या आईंना सगळे माय म्हणायचे. माय आल्या त्या थेट ओट्यावर बसल्या आणि उठेचनात. “हितं खोकलं तर वरून कुणी पाय आपटनार न्हाई,” म्हणाल्या. दादांचं मन तिथंच गेलं.

वहिनींचं नाही. त्यांनी मोरीतला नळ फिरवला, स्वयंपाकघरातला फिरवला. पुन्हा बंद केले – नीट, घट्ट, जणू पाणी येत होतं. मग माझ्याकडं वळल्या.

“भाऊ, पान्याचं कसं?”

“टँकर येतो. लाइनचं चालू हाय.”

“ते तर घर विकनाराबी सांगतो. तुम्ही खरं सांगा. तुम्ही हितंच ऱ्हाता न्हवं?”

“हाव वहिनी. ऱ्हातो की.”

“भागतं?”

“आरामात भागतं.”

त्यांनी माझ्या दोरीवरच्या शर्टांकडं बघितलं आणि दादांना म्हणाल्या, “मग आपलंबी भागंल.”

एवढंच. एवढ्यावर त्या कुटुंबानं घर घेतलं. मुरुडला गावाकडची जागा होती ती मोडली, गल्ली सोडली, वहिनींचं गिऱ्हाईक सुटलं. ब्लाउजचं माप द्यायला माळावर कोण येतंय? मी त्या दिवशी काय विचार करत होतो सांगू? – एक कुलूप कमी झालं. नावानं नाही, कुलपांनी मोजत होतो मी माणसं.

तुम्ही म्हणाल, लोकांना भुलवून आणलं, हाच तुझा गुन्हा. हा आहेच. पण याच्यावर मी अधूनमधून स्वतःला समजावतो. कारण पुढं माणसं वाढली, कुलपं निघाली, आणि खरंच लाइन आली. उशिरा आली, पण आली. पाणी आलं त्या दिवशी मांडव टाकला होता. वहिनी माइकवर बोलल्या – आयुष्यात पहिल्यांदा – म्हणाल्या, “हे भाऊ पयल्या दिवसापासून आमच्यात ऱ्हायले. आम्ही भागवलं तसं त्यांनीबी भागवलं.” बायांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, हात जोडले, शाल घेतली.

शाल घेतली तेव्हा मला काय आठवत होतं, ते सांगायला हे सगळं लिहायला बसलो. इकडं तिकडं फिरून राहिलो, तुमच्याही लक्षात आलं असेल.

टँकरचा नियम मीच केलेला होता. जिथं माणूस राहतं त्या घराला एक ड्रम. घरात किती माणसं ते बघायचं नाही, नाहीतर भांडणं होतात. सगळ्यांना सारखं – समता! बैठकीत मी हे मोठ्या आवाजात मांडलं होतं. म्हणजे वहिनींच्या घरातल्या सगळ्यांना मिळून एक ड्रम, आणि माझ्या घरात न राहणाऱ्या मला एक ड्रम.

टँकरवाला मोठा तोंडाळ. दाराशी ड्रम भरलेला दिसला की पाइप खांद्यावर टाकून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, “हितलं मानूस गेलं का सोडून?” म्हणून माझा ड्रम रिकामा दिसणं भाग होतं. सुरुवातीला मी त्यातलं अर्धं पाणी वहिनींच्या ड्रममध्ये ओतलं. वहिनी खूश झाल्या, आणि गमतीनं म्हणाल्या, “भाऊ, तुम्हाला उरतं कसं? आंघोळ करता का न्हाई?” सगळे हसले. मी पण हसलो. पुन्हा दिलं तर पुन्हा विचारतील. दोनदा विचारलं तर कळेल. कळलं तर? – पत्रक खोटं, लढा खोटा, आणि साहेब खुर्चीत हसणार. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, मी वहिनींच्या डोळ्यांना भ्यालो होतो. लढ्याचं नाव नुसतं वापरलं.

तेव्हापासून मी ते पाणी ओतून द्यायला लागलो.

मागच्या रिकाम्या प्लॉटवर. भर दुपारी, उन्हाच्या वेळी सगळी दारं लावलेली असताना. आतून बादलीनं नेत, आवाज होऊ नये म्हणून जमिनीला लावून ओतत. मुरमाड जमीन, घटाघट प्यायची. तरी ओल दिसायची, म्हणून वरून पायानं कोरडी माती सारायचो. चिमण्या यायच्या त्या ओलीवर. मी त्यांनाही हाकलायचो. लातुरात, उन्हाळ्यात, शेजारच्या भिंतीपलीकडं भांडी राखेनं घासत असताना – मी पाणी ओतत होतो. भिंत एकच होती. मला राखेचा खरखर आवाज ऐकू यायचा.

आणि मायचं तिथंच बिनसलं. त्यांना वयानं लघवी आवरेना झालेली. लुगडी धुवावी लागायची. दादा दुकानावरच आंघोळ करून यायचे, लेकरं दोन-तीन दिवसांनी अंग धुवायची, वहिनी स्वतःचं तर बोलायच्याच नाहीत. तरी पुरेना. लुगडं खराब होऊ नये म्हणून मायनं पाणी पिणं कमी केलं, त्यानं दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. दादा हे सांगून रडले माझ्यासमोर. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच संध्याकाळी पत्रकात लिहिलं – ‘आमच्या आया तहानलेल्या आहेत.’

शेवटी त्यांनी मायला मुरुडला पाठवायचं ठरवलं. मुरुडला आता काय होतं? जागा मोडलेली. लेक दिलेली होती तिथं. लेकीच्या घरी राहणं म्हणजे मायला मेल्याहून मेल्यासारखं, जावयाच्या ताटातलं खाणं. त्यांनी आपलं बोचकं बांधायला घेतलं. वहिनी मात्र चुलीशी तोंड करून बसल्या होत्या, वळेचनात.

मायचं बोचकं रिक्षात मी ठेवलं. त्या मला म्हणाल्या, “लेकरा, ह्यांचा काई दोस न्हाई. मलाच पानी लई लागतंय.” अपराध्यासारखं म्हणाल्या. माफी मागितल्यासारखं. माझ्याकडं!

तेव्हा माझा ड्रम दाराशी काठोकाठ भरलेला होता. वर ताटली झाकलेली. दोन पावलांवर. ‘थांबा’ म्हणायला काय लागत होतं? ‘दादा, रिक्षा सोडा, मी इथं राहत नाही, हा ड्रम मायचा’ – एवढंच. तोंडात आलेलं होतं. रिक्षाला दार नसतं, तिथं जी साखळी लावतात ती मी लावली आणि म्हणालो, “जपून जा, माय.”

रिक्षा गेली. दादा सोबत गेले, वहिनींनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी टँकर येणार होता.

मी घरात गेलो, बादली घेतली, आणि तो ड्रम मागं नेऊन ओतला. सगळा. तळ दिसेपर्यंत.

लाइन यायच्या आधीच्या हिवाळ्यात माय मुरुडला वारल्या. लेकीच्या घरात, लेकीच्या खाटेवर. मी मातीला गेलो होतो. वहिनींनी तिथल्या बायांना माझी ओळख करून दिली – आमचे शेजारी.