गुरम्मा वहिनींचं बेलपान

मला लिहायची सवय नाही. पण वहिनींबद्दल कुणीतरी लिहायला हवं, म्हणून बसलो आहे.

गुरम्मा ही माझी थोरली भावजय. देगलूरला आमच्या शेजारी नागरकोविलकडची एक नर्स राहायची. तिच्याकडून वहिनी लेस विणायला शिकल्या. मांडीवर गिर्दी म्हणजे गोल घट्ट उशी, तिच्यावर टाचण्या, आणि धाग्यांना लोंबणाऱ्या लाकडी कांड्या. त्यांचा हात बसला तो पानांवर. तीन धागे सरळ ठेवायचे आणि चौथा त्यांच्यातून खालीवर फिरवायचा. मध्ये सैल सोडला की पोट येतं, आवळत नेला की टोक. चौथा धागा मात्र पान बांधून होईपर्यंत हातातून सोडायचा नाही. सोडला, की कांडीच्या वजनानं पान गोळा होऊन गाठ बनते.

भाऊ गेल्यावर वहिनींनी गावातल्या लिंगायत मठाच्या पालखीसाठी पांढरं वस्त्र करायला घेतलं. काठाला बेलाची पानं, तीन-तीन एकत्र. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी एक कोपरा राहिला होता, म्हणून गिर्दीसकट मठात येऊन पालखीसमोरच विणत बसल्या. वस्त्र अजून गिर्दीलाच जोडलेलं होतं.

पालखी उचलण्याआधी सेवा करणाऱ्यांची नावं पुकारतात. मठाचे पंच वीरण्णा माईकवर म्हणाले, "वस्त्राची सेवा, सौभाग्यवती पुनम!"

पुनम म्हणजे वहिनींची सून. ती बायकांच्या घोळक्यातूनच ओरडली, "मला तर टाचणी बी खोचता येत न्हाई, मामा!"

लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. शेवटच्या, अर्ध्या पानावर त्यांचा हात थांबला. चौथा धागा मुठीत.

"वीरण्णा, नाव चुकलं."

वीरण्णांनी माईकवर हात ठेवला. "अक्का, नवं वस्त्र सवाष्णीच्या नावानं चढतं. पहिल्यापास्नं हाय. नाव घरातलंच हाय की."

"मंग घरातल्या सवाष्णीला म्हणा, पान पुरं कर."

"मिरवणूक होऊ द्या, मग बोलू."

"मंग न्हाई. आत्ता. न्हाई तर हे मी सोडून देते."

भोयांनी घाईनं पालखी आधीच खांद्यावर घेतली होती. त्यातला बसवंत कण्हत म्हणाला, "घ्या की हो नाव, मामा! खांदा उतरून राहिला."

"लोक काय म्हणतील, अक्का? नवरा नसलेली बाई..."

वहिनींनी मोकळ्या हातानं गळ्यातला इष्टलिंगाचा शिवदोरा पदराबाहेर ओढला. "लिंग तुमच्या गळ्यात हाय, माझ्या बी हाय. नवरा गेला तवा हे कुणी काढून न्हेलं न्हाई. मंग नावच कसं काढता?"

वीरण्णा माईकपासून तोंड लांब ठेवून पुटपुटले, "सेवा... गुरम्मा."

"माईक तोंडाशी धरा."

दुसऱ्यांदा नाव बाजारपेठेपर्यंत ऐकू गेलं. काही म्हाताऱ्या उठून बाहेर गेल्या. वहिनींनी मान वर केली नाही. टोक आवळलं, चौथा धागा बाकीच्या तिघांसोबत पुढच्या टाचणीला बांधला आणि मग मूठ उघडली.

टाचण्या काढल्या, वस्त्र गिर्दीवरून सुटून पालखीवर चढलं. एरवी बायका पालखीच्या मागून चालतात. वहिनींनी रिकामी गिर्दी काखेत मारली आणि पालखीच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. वीरण्णांनी मागं व्हायची खूण केली.

"चला," त्या भोयांना म्हणाल्या.