वायरवाले सर

शाळेत सगळे त्यांना 'वायरवाले सर' म्हणत. सर म्हणत खरे, पण त्यांनी आजवर एकही तास घेतला नव्हता. प्रत्येक वर्गात डिजिटल फळे बसले, तेव्हा ते सांभाळायला त्यांना नेमलं गेलं. गाव नवं, ओळखीचं कुणी नाही. बसायला प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली मिळाली. तिथे मोडकी स्टुलं होती आणि त्यांची एक खुर्ची.

फळा चालला की तो शाळेचा, बिघडला की त्यांचा. "तुमचा फळा पुन्हा रुसलाय," असा निरोप आला की ते धावत. ते दारात दिसले की मुलं खूश, कारण तास बुडायचा. शिक्षक मात्र घड्याळाकडे बघत उभे राहायचे. काम झालं की पाठ वळायच्या आत शिकवणं सुरू.

गणिताच्या बाईंनी तर आपल्या फळ्यावर चक्क जुनी चादर टाकली होती. बाई सगळ्यांत ज्येष्ठ, निवृत्तीला आलेल्या. त्यांचं बघून बाकीच्यांनीही टाळाटाळ सुरू केली. मुख्याध्यापिका वायरवाल्या सरांना म्हणाल्या, "बाईंचं तेवढं काहीतरी करा."

शाळा सुटल्यावर ते वर्गात गेले. बाई वह्या तपासत होत्या.

"मशीनची भीती नाही हो मला," बाई मान वर न करता म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात माझं अख्खं गणित पुसलं गेलं. मुलं हसली, त्याचं काही नाही. पण एकजण उठून आला आणि 'द्या बाई, मी करतो' म्हणत त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं. प्रेमानंच घेतलं. तेच लागलं."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर बाईंची फळ्याची शिकवणी सुरू झाली. बाई एका जागी अडल्या, आणि सरांनी सवयीनं पेन त्यांच्या हातातून घेऊन झटकन करून दाखवलं. बाई हात पदराखाली घेऊन नुसत्या बसल्या. सर मनातून ओशाळले. त्यानंतर ते हात पाठीमागे बांधून उभे राहू लागले. बाई चुकायच्या, पुसायच्या, पुन्हा काढायच्या.

सरांना त्या संध्याकाळींची ओढ लागली. उद्या काय सांगायचं याची ते घरी तयारी करत, आरशासमोर बोलून बघत. कुणीतरी त्यांना प्रश्न विचारत होतं, उत्तराची वाट बघत होतं.

एके दिवशी बाईंनी चादर घडी करून कपाटात ठेवली. त्या सकाळी सर खिडकीशी थांबले. बाईंनी एक वर्तुळ काढलं, ते बोटानं मोठं-लहान केलं, आणि वर्ग पुढे झुकला. बाईंना सर दिसले. त्यांनी मान हलवली आणि पुढे शिकवत राहिल्या.

मग बाकीचे शिक्षक शिकायला लागले, पण बाईंकडून. बाई त्यांच्यातल्या होत्या, बाईंसमोर चुकायला लाज वाटत नव्हती. हळूहळू सरांना येणारे निरोप थांबले. बाईही वेळेवर घरी जाऊ लागल्या. खोलीत बसून सर इतर वर्गांचे आवाज ऐकत.

शेवटी धीर करून ते मुख्याध्यापिकांकडे गेले. "मला एखादा तास मिळेल का? कुठल्याही वर्गाचा."

"अहो, तुमची नेमणूक त्यासाठी नाही ना," त्या समजुतीनं म्हणाल्या. "आणि सगळं इतकं सुरळीत चाललंय. आरामात राहा की."

बाहेर बाई भेटल्या. सरांचा चेहरा बघून म्हणाल्या, "चला, स्टाफरूममध्ये चहा घेऊ." सर गेले. सगळ्यांनी सरकून जागा दिली. बोलणं परीक्षेचं, मग कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं. सर हसण्याच्या जागी हसले. बाईंना कुणीतरी हाक मारली, त्या उठून गेल्या. सरांनी आपला कप विसळून पालथा घातला आणि ते खोलीत परतले.

रात्री आईचा फोन आला. ती सरांच्या थोरल्या भावाकडे राहायची.

"काम कसं चाललंय रे?"

"छान. आता काही बिघडतच नाही."

"मग बरं आहे की."

"हो. आज स्टाफरूममध्ये चहा घेतला, आई."

"कुणाबरोबर?"

"सगळ्यांबरोबर," ते म्हणाले, आणि भावाच्या मुलांची चौकशी करू लागले.