शेवंताची फलटणची गाडी

परवा शिरवळला पंक्चर काढायला थांबलो, तर सोल्युशनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास आला आणि शेवंता आठवली. कोरेगावच्या एसटी स्टँडवर तेव्हा माझी चहाची टपरी होती. नवऱ्यानं हाकललेली शेवंता तिथल्या शेडमध्येच राहायची. सोल्युशन ओतलेलं फडकं दिवसभर नाकाशी. "भूक मरती बगा," म्हणायची.

एका दुपारी तिचा थोरला भाऊ फलटणहून न्यायला आला. तिनं नळावर तोंड धुतलं, त्यानं आणलेलं नवं लुगडं नेसलं आणि गाडीत बसली. भावानं फडकं खिडकीतून फेकून दिलं. गाडी हलली तशी ती मागं पडलेल्या फडक्याकडं बघत जागेवरून उठली.

"दादा, उतरू दे. न्हाई जमत रं," म्हणत ती रडतच खाली उतरली.

"अगं, घर मिळत हुतं की!" मी ओरडलो. ती गुडघ्यांवर बसून धुळीत फडकं शोधत होती.

तेव्हा मला तिचा संताप आला होता. आता वाटतं, तिला घरी जायचंच होतं. म्हणून तर रडत होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच शेडमध्ये वारली. अंगावर चादर घालताना भाऊ हळूच म्हणाला, "चल गं बाई, घरला."