चौदापैकी चौदावा

पलसाण्याच्या रस्त्याला छोट्या रेसिंग गाड्यांचा ट्रॅक झाला आणि ट्रॅकवाल्यांनी ग्रँड प्रिक्स जाहीर केली. जवळजवळ जमिनीला बूड टेकवून बसायच्या त्या गाड्या. शनिवारी एकेकट्याने घड्याळ लावून दोन फेऱ्या मारायच्या, पहिल्या सहा जणांनी रविवारी शर्यतीत उतरायचं. मी बावीस वर्षं बमरोलीच्या लूमवरून कोरं कापड टेम्पोत भरून पलसाण्याला रंगवायला नेतोय. टेम्पो स्टँडवर मी सांगून टाकलं, सहात येणारच. सगळ्यांना रविवारचं आमंत्रणही दिलं. माझं तोंड मला नेहमी महागात पडतं.

शनिवारी बायको यायला तयार नव्हती, कारणही सांगेना. शेवटी आली आणि टायरांच्या भिंतीमागे पदर आवळून उभी राहिली.

सरळ रस्त्यावर मी कुणाचं ऐकलं नाही, गाडी सुसाट सोडली. वळण आलं की मात्र पाय आपोआप ब्रेकवर. टेम्पोत कापडाचे ताके छातीइतके उंच रचलेले असतात. वळण जोरात घेतलं की ते कलंडतात, एखादा रस्त्यावर पडतो, डाग लागतो आणि माल परत येतो. म्हणून आधी वेग उतरवायचा, आरशात मागे बघायचं, मग वळायचं. इथे आरसा नव्हता, म्हणून मी मान वळवून बघितलं. मागे फक्त धूर होता.

स्टँडवरचा दोस्त ओरडला, "माल नही शे गाडीमा! चालव ना जोरमा!"

मला ते कळत होतं, पायाला कळेना. दुसऱ्या फेरीत ब्रेक विसरायचा असं ठरवलं. तीन वळणांना विसरलो. उरलेल्या आठ वळणांना तो आठवला.

फलकावर माझं नाव खालून शोधायला घेतलं, तर लगेच सापडलं. चौदा जणांत चौदावा. लाजेने कान तापले. दोस्त पाण्याची बाटली देता देता हसला, म्हणून मी ते पाणी प्यायलोच नाही.

बायको जवळ आली. "रोज बी असंच चालवतस का तुम्ही?"

"असंच. टोमणे मारू नको."

"मंग मी इतला वरीस उगाच घाबरनू," ती म्हणाली आणि टायरावर बसून रडायला लागली.

लोक बघत होते. बघू देत. मी तिच्याशेजारी बसलो. बावीस वर्षं संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की ती माझ्यावर खेकसते. मला वाटायचं, भाकरी गार झाली त्याचा राग.